धुराचा कर्ता कोण? (गीता १८.४८)



आज अठराव्या अध्यायातला ४८ वा श्लोक. अर्थ थोडक्यात असा: अर्जुना, आपल्या वाट्याला सहज आलेलं काम सदोष असलं तरी टाकू नये, कारण अग्नीभोवती जसा धूर असतो तसा प्रत्येक कामाभोवती काही ना काही दोष असतोच.

‘सहज’ या शब्दाबद्दल आधीच एक सांगून ठेवतो. ‘जन्मावरून ठरलेलं काम’ असा त्याचा अर्थ लावणारे लोक आहेत. बीडीडी चाळीत वाढलेल्या माणसाला तो अर्थ घेता येत नाही, आणि मी घेत नाही. आज आपल्यासमोर जे काम आहे, ज्याच्यावर आपलं आणि आपल्या माणसांचं पोट आहे, ते सहज कर्म, एवढाच अर्थ धरून पुढे जाऊ.

हा श्लोक आपण बहुतेक वेळा वाचतो आणि हलकं वाटून घेतो. नोकरीत तडजोडी कराव्या लागतात, धंद्यात थोडं इकडचं तिकडे होतं, चालायचंच. सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फुलांच्या चित्रांवरसुद्धा तो याच अर्थाने येतो. मी मात्र पौष महिन्यात हा श्लोक वाचायला घेतला की ‘धूर’ या शब्दावर अडतो. आमच्या गावाकडे या दिवसांत धूर ही उपमा नसते. तो डोळ्यांत जातो, दोरीवरच्या कपड्यांना लागतो, आजारी माणसाला रात्रभर उठवून बसवतो. मग प्रश्न पडतो, भगवंतांनी हा दिलासा नक्की कोणाला दिलाय? धूर करणाऱ्याला म्हणावं, तर धूर ज्याच्या छातीत जातो त्याला काय सांगायचं?

अडचण एवढ्यावर संपत नाही. धूर आणि अग्नीची हीच उपमा गीतेत आधी एकदा येऊन गेली आहे, तिसऱ्या अध्यायाच्या ३८ व्या श्लोकात. तिथे सांगितलंय की धुराने अग्नी झाकावा, धुळीने आरसा झाकावा, वेष्टनाने गर्भ झाकावा, तसं वासनेने ज्ञान झाकलं जातं. त्या ठिकाणी धूर वैऱ्याच्या बाजूचा आहे आणि अध्याय संपताना त्या वैऱ्याला मारायला सांगितलंय. अठराव्यात त्याच धुराबद्दल सांगितलंय की तो असणारच, काम सोडू नकोस. कुठला धूर सोसायचा आणि कुठला हटवायचा, हा आजचा विषय.

गावाकडचा पौष

आमचं गाव कराडजवळ. कराड म्हणजे सातारा जिल्ह्यातलं कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं गाव, शेजारी आगाशिवाचा डोंगर, आणि नदीकाठाने जिकडे बघाल तिकडे ऊस. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांमध्ये बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, पूजा करून, नारळ फोडून. पुढे गव्हाणीत मोळी टाकली की गळीत हंगाम सुरू. साधारण नोव्हेंबर ते मार्च. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, हवेत मळीचा वास.

ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, जनावरांच्या वैरणीला जातात. पाचटाला गिऱ्हाईक नसतं. हेक्टरी आठ ते दहा टन वाळलेला पाला जमिनीवर अंथरलेला असतो, आणि खूप ठिकाणी त्यावर उपाय म्हणून एक काडी ओढली जाते.

इथे हवामान मधे येतं. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड, ती खाली नदीच्या खोऱ्यात साठते. वरची हवा त्या मानाने गरम राहते. एरवी वर जाऊ तशी हवा थंड होत जाते, इथे उलटं होतं. गरम थराचं झाकण बसल्यासारखं होतं आणि धूर वर जाण्याऐवजी आडवा पसरतो. सकाळी संगमावर उभं राहिलं तर नदीवर जी पांढरी दुलई दिसते ती सगळी धुक्याची नसते. नऊ-दहा वाजता ऊन लागून जमीन तापली की झाकण उघडतं. तोवर रात्रभर ती हवा गावाने श्वासात घेतलेली असते.

या धुरातला सगळ्यात बारीक भाग म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण केसाच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाचे. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्याकडचं मानक सांगतं की २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर ते नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. मुंबईत मी फोन उघडला की वरळीचा आकडा दिसतो. गावाचं नाव टाकलं की तिथला आकडा येत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली, कोल्हापूर, सोलापूर ही शहरं आहेत, पण त्यांच्या आजूबाजूच्या शेकडो गावांत हवा मोजणारं यंत्र म्हणजे लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा खोकला.

नाना काय म्हणतात

आमची शेती माझे चुलते बघतात, आम्ही त्यांना नाना म्हणतो. गेल्या हंगामात मी त्यांना म्हणालो, “नाना, पाचट जाळू नका ना. कुजवलं तर खतच होतंय की.”

नाना हसले. “लेका, तुझ्या फोनात धूर दिसतोय. माझ्या पायात बुडखं टोचत्यात, ती त्यात दिसत न्हाईत.”

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. पाचट सरीत पडलं की पाणी पुढे सरकत नाही. लाईट रात्री येते, त्या अंधारात पाचटातून पाणी पाजायला जायचं म्हणजे खाली साप आहे की विंचू ते दिसत नाही. उंदीर होतात. पाचट सरीत ओढायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. कुट्टी करणारं यंत्र भाड्याने मिळतं, पण हंगामात त्याला नंबर लावावा लागतो आणि खोडव्याला पाणी द्यायला उशीर होतो.

मी विचारलं, “मग निदान वारा असताना तरी जाळा, धूर निघून जाईल.”

त्यावर ते जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. “वाऱ्यात काडी लावली तर शेजाऱ्याचा उभा ऊस जाईल. म्हणून तर वारं पडल्यावर, सांजचं लावायचं.”

म्हणजे शेजाऱ्याच्या उसाची काळजी घ्यायची म्हणून वारा नसलेली वेळ निवडायची, आणि वारा नसलेल्या वेळीच धूर शेजाऱ्याच्या छातीत जाऊन बसतो. नानांच्या मनात कुणाचंही वाईट नाही. ते एकादशी धरतात, आषाढीला दिंडीत चालतात. दोष तरीही होतो. अठ्ठेचाळिसावा श्लोक नानांसाठी लिहिला आहे असं त्या क्षणी मला वाटलं.

पण त्याच रानाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. बीडकडून आलेली कुटुंबं, मुकादमाकडून उचल घेतलेली, पाच महिने उसाच्याच पाल्याच्या खोपटात राहणारी. पहाटे चारला नवरा-बायको कोयता घेऊन बाहेर पडतात, लेकरू कोपीत नाहीतर रानाच्या बांधावर झोळीत. तो सगळा धूर आधी त्या झोळीत जातो. त्या लेकराचं शेत नाही, ऊस नाही, बिलही नाही. त्याच्या आईला हा श्लोक कसा वाचून दाखवायचा? “ताई, प्रत्येक कामात दोष असतोच,” असं म्हणायचं?

म्हणून मला वाटतं, हा श्लोक कोण कोणाला सांगतोय याला महत्त्व आहे. स्वतःच्या वाट्याच्या धुराबद्दल स्वतःला सांगितला तर तो दिलासा आहे. माझ्या धुराबद्दल दुसऱ्याला सांगितला तर तो माज आहे.

काम कोणतं, दोष कोणता

आता श्लोकाकडे नीट बघू. त्यात म्हटलंय की काम सदोष असलं तरी काम टाकू नये. दोष जपून ठेवावा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आपण घाईत वाचताना या दोन गोष्टी एक करून टाकतो.

माझी कसोटी साधी आहे. दोष काढून घेतला तर काम शिल्लक राहतं का? आपल्या आज्या चुलीवर स्वयंपाक करायच्या, डोळे चोळत. गॅस आला, धूर गेला, भाकरी राहिली. म्हणजे धूर त्या कामाचा प्राण नव्हता, त्या वेळच्या साधनाचा दोष होता. तेव्हा तो अटळ होता, आज नाही. अटळ काय आणि टाळता येण्यासारखं काय, ही रेघ काळाबरोबर सरकते, आणि श्लोकाच्या आधाराने जुन्या रेघेवर बसून राहता येत नाही.

पाचटाचं तसंच आहे. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असतं. दहा टन पाचट धरलं तर ५० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या दोन बॅगांहून जास्त, शिवाय पालाश आणि सेंद्रिय कर्ब. काडी लावली की नत्र आणि कर्ब बहुतेक धुरातून निघून जातं आणि मग तेच नत्र आपण पैसे देऊन दुकानातून आणतो. सातारा जिल्ह्यातच पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे. शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितली जाणारी पद्धत अशी: पाचट एक सरी आड दाबायचं म्हणजे पाणी मोकळ्या सरीतून जातं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, आणि टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे. ओल टिकते, तण कमी होतं. नानांचं पाण्याचं म्हणणं आणि बुडख्यांचं म्हणणं, दोन्हीला यात उत्तर आहे.

मजुरीच्या म्हणण्याला मात्र नाही. ज्याच्या हातात पैसा आहे, वेळ आहे, यंत्र आहे, त्याच्यासाठी तो धूर टाळता येण्यासारखा. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याच्यासाठी तो जवळजवळ अटळ. एकाच रानातला एकच धूर, पण दोष सारखा नाही.

पाच कारणं

माझ्या ऑफिसमध्ये सिस्टीम बंद पडली की दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टमॉर्टेम करतो. त्याचा पहिला नियम असा की कोणाचं नाव घेऊन बोट दाखवायचं नाही, बिघाड कशाकशामुळे घडू शकला ते शोधायचं. बटण दाबणारा माणूस साखळीतली शेवटची कडी असतो. गंमत म्हणजे याच अध्यायात १४ व्या श्लोकात अशीच यादी आहे. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, करण म्हणजे साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव.

ही यादी धुराला लावून बघा. जागा म्हणजे कृष्णेचं खोरं, जिथे थंड हवा साठते. कर्ता नाना. साधन म्हणजे काडी, आणि न मिळालेलं कुट्टी यंत्रसुद्धा. हालचाली म्हणजे तोडणीची घाई, पाण्याची पाळी, रात्रीची लाईट. आणि दैव म्हणजे त्या संध्याकाळचं पडलेलं वारं.

सोळाव्या श्लोकात पुढे म्हटलंय की एवढं असूनही जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. तिथे बोलणं आत्म्याबद्दल आहे, पण मला त्यातून एक सवय मिळते: एका माणसावर सगळं कर्तेपण टाकून मोकळं व्हायचं नाही. ‘शेतकरी हवा बिघडवतात’ हे वाक्य म्हणून चुकीचं. आणि ‘सगळ्यांचाच दोष, म्हणजे कोणाचाच नाही’ हेही चुकीचं. पाच कारणं सांगण्यामागे जबाबदारी वाटून पातळ करायचा हेतू नाही. आपल्या हाताशी असलेलं कारण कोणतं, ते दिसावं म्हणून ती यादी आहे.

साखर कोण खातं? मी खातो. गणपतीला मोदक, पाडव्याला साखरेच्या गाठी, संक्रांतीला तिळगूळ. ऐन धुराच्या हंगामात आपण एकमेकांच्या हातावर गोड ठेवतो. तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो तो चोर. साखरेची किंमत मी दुकानात दिली, हे खरं. पण त्या झोळीतल्या लेकराने मोजलेली किंमत पावतीवर नव्हती.

आणि दैवाचं बघा. पूर्वी वारं कधी पडेल ते खरोखर दैव होतं. आज दोन-चार दिवसांचा अंदाज फोनवर दिसतो. थंडी वाढणार, वारा पडणार, हे आधी कळतं. जेवढं कळलं तेवढा दैवाचा भाग आपल्या हातात आला. अशी सलग दोन-तीन दिवसांची हवा दिसत असेल तेव्हा गावाने ठरवून काडी न ओढणं, एवढं तरी आता दैवावर ढकलता येत नाही.

वरळीचा आरसा

गावाला शिकवायला निघालोच आहे तर आधी स्वतःच्या खिडकीकडे बघतो.

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली. इथे गिरणीत जाणारी माणसं राहिली, बरीचशी सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून आलेली. गिरणगावात तेव्हा चिमण्यांचा धूर असायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, चिमण्यांचा धूर थांबला, आणि कित्येक खोल्यांमधल्या चुलीही त्याबरोबर थंडावल्या. चाळीतली जुनी माणसं त्या धुराबद्दल वाईट बोलत नाहीत. त्यांच्यासाठी चिमणीतून धूर निघतोय याचा अर्थ महिन्याला पगार होतोय असा होता. स्वच्छ हवेबद्दल बोलताना मला ते नेहमी आठवावं लागतं. ज्याचं पोट त्या धुरावर आहे त्याला विचारल्याशिवाय धूर थांबवला, तर हवा स्वच्छ होईल आणि माणूस उपाशी राहील.

आता चाळीची जागा टॉवर घेतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांचा ताबा मिळाला. आम्ही अजून जुन्या इमारतीत आहोत आणि बाजूला काम चालू आहे. संध्याकाळी देवघरातल्या काचेवर बोट फिरवलं की रेघ उमटते. तिसऱ्या अध्यायातला धुळीने झाकलेला आरसा मला रोज घरबसल्या दिसतो. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो, दिवसा समुद्राकडून परत येतो, आणि तो उशिरा किंवा कमजोर आला की शहराची घाण शहरावरच फिरत राहते.

आता सांगा, या धुळीचा कर्ता कोण? घर आम्हालाच हवंय. आयुष्य एका खोलीत काढलेल्या आईला स्वतःचं संडास-बाथरूम हवंय. बांधकाम बंद करा, असं चाळीत कोणीही म्हणणार नाही, मीही नाही. हे आमचं सहज कर्म आहे आणि त्याला धूळ वेढून आहे. इथे श्लोक मला खरा दिलासा देतो.

पण कसोटी तीच. दोष काढला तर काम उरतं का? महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली: उंच पत्रे लावा, हिरवं कापड बांधा, पाणी फवारा, राडारोडा झाकून न्या, गाड्यांची चाकं धुवा. एवढं केलं तरी इमारत उभी राहतेच. म्हणजे खणताना उडणारी थोडी धूळ कामाची, आणि उघड्या डंपरमधून रस्त्यावर सांडलेली धूळ आळसाची. पहिली सोसायची, दुसरी हटवायची.

दोन श्लोकांचं कोडं मला इथे सुटतं. कामासोबत येणारा धूर अठराव्या अध्यायातला. त्याच्यासाठी काम थांबवू नका. मला आजच हवं, स्वस्त हवं, त्याचा त्रास कुठेतरी लांब होऊ दे, या इच्छेतून येणारा धूर तिसऱ्या अध्यायातला. तो हवेत दिसायच्या आधी बुद्धीवर बसलेला असतो. म्हणून तर तो आपल्याला दिसत नाही.

सुधारणेलाही धूर असतो

ब्राझील हा जगातला सगळ्यात मोठा ऊस उत्पादक देश. तिथल्या साओ पाउलो राज्याने तोडणीआधी उभा ऊस पेटवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ मध्ये केला, आणि २००७ मध्ये कारखान्यांशी करार करून मुदत आणखी अलीकडे आणली. हवेसाठी चांगलं झालं. पण न पेटवलेला ऊस हाताने तोडणं महाग पडतं, म्हणून यंत्रं आली आणि हाताने ऊस तोडणाऱ्या खूप लोकांचं काम गेलं. उद्या कराडच्या रानात यंत्रच आलं तर बीडच्या त्या जोडप्याचं काय?

मला वाटतं, अठ्ठेचाळिसावा श्लोक सगळ्यात जास्त इथे लागू पडतो. धूर कमी करणं हेही एक काम आहे आणि त्यालाही दोष वेढून असणार. कुणाला खर्च येणार, कुणाची सवय मोडणार, कुणाची रोजी धोक्यात येणार. म्हणून ते काम टाकायचं नाही. पण ‘मी चांगलं काम करतोय’ या नशेत त्याचा धूर कुणाच्या झोळीत जातोय ते बघायचं थांबायचंही नाही. धूर बंद करताना ज्याची भाकरी जाणार आहे, त्याची सोय हा त्याच कामाचा भाग.

आपल्यापुरतं

मोठं काही सांगत नाही. चिंतनाला थोडं आचरण जोडलं नाही तर ते नुसतं वाचन राहतं, म्हणून तीन गोष्टी.

पहिली. तुमच्यापैकी कितीतरी जणांचा गावाकडे जमिनीत हिस्सा आहे, कसतं दुसरंच कोणी. ‘जाळू नका’ असा निरोप पाठवण्याआधी कुट्टीच्या भाड्यातला आपला वाटा पाठवा. नानांनी या हंगामात अर्ध्या रानातलं पाचट ठेवलंय, त्या अर्ध्याचं भाडं आम्ही मुंबईकर भावंडांनी मिळून दिलं. उरलेलं अर्धं त्यांनी जाळलं. ते पुढच्या वर्षी बघू.

दुसरी. नवीन घराचा ताबा मिळाला की आपण टाइल्स फोडतो, फर्निचर करतो. तो राडारोडा गोणीत भरून, तोंड बांधून खाली न्यायला लावा. कापताना पाणी मारायला सांगा. खालच्या मजल्यावर कोणाचं तरी तान्हं बाळ आहे.

तिसरी. या संक्रांतीला देवापुढे तिळगूळ ठेवाल तेव्हा क्षणभर थांबा आणि तो ज्या हातांनी तोडला, वाहिला, शिजवला त्यांचं स्मरण करा. त्याने हवा स्वच्छ होणार नाही, पण नैवेद्य दाखवताना आपण काय खातोय ते निदान माहीत असेल.

‘माझ्या कामात कधीच दोष राहू देऊ नकोस’ असं मागणं या श्लोकानंतर भगवंताकडे करता येत नाही. एवढंच मागू या की आपल्या कामाचा धूर कुठे जातो ते दिसत राहू दे, आणि त्यातला जेवढा टाळता येईल तेवढा टाळायची बुद्धी आणि ऐपत आम्हाला सगळ्यांना मिळून दे.

उद्या श्लोक ४९, अनासक्त बुद्धीबद्दल. वाचून या.

राम कृष्ण हरी.